'प्रेसमध्ये आहे'

नाशिकमध्ये एखाद्याचा मुलगा 'प्रेसमध्ये आहे' असं कानावर आलं, तर ते कुठं ऐकलं यावरून अर्थ लावावा लागतो. नाशिक रोडला, जेल रोडला किंवा जय भवानी रोडला ऐकलं, तर तो नोटा किंवा पासपोर्ट छापणाऱ्या सरकारी कारखान्यात आहे. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत ऐकलं, तर तो पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या यंत्रावर आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात ऐकलं, तर तो बातमीदार आहे. आणि जानेवारी ते मार्चच्या हंगामात गंगापूर धरणाकडच्या एखाद्या वायनरीत ऐकलं, तर तो द्राक्षांचा रस काढणाऱ्या टाकीपाशी उभा आहे. चौघांचंही पोट एकाच इंग्रजी शब्दावर आहे, पण एकाचा अर्थ दुसऱ्याच्या घरात चालत नाही.

परभाषेतून शब्द आला की त्याचा एखादाच अर्थ आपल्याकडे रुजतो आणि बाकीचे तिकडेच राहतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. 'प्रेस'चं तसं झालं नाही. हा शब्द मराठीत एकदा आला नाही, तो अनेकदा आला, वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या दारांनी. नाशिकमध्ये त्याचे जवळजवळ सगळे अर्थ आजही कामावर आहेत. म्हणून या शब्दाचा आढावा घ्यायचा तर लंडनच्या कोशापेक्षा नाशिकची वस्ती अधिक उपयोगी पडते, असं मला वाटतं.

मूळ लॅटिन आहे, दाबण्याच्या अर्थाचं. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं. जुन्या इंग्रजीत 'प्रेस' म्हणजे आधी गर्दी, रेटारेटी. मग द्राक्षं किंवा कापड दाबायचं मळसूत्री यंत्र, आणि कपडे ठेवायचं कपाटही. आयर्लंडमध्ये स्वयंपाकघरातल्या कपाटाला आजही प्रेसच म्हणतात. माणसांना जबरदस्तीनं आरमारात भरती करणाऱ्या 'प्रेस गँग'मधला प्रेस मात्र वेगळ्या वंशाचा. त्याचा संबंध उचल म्हणून दिलेल्या पैशाशी होता, पण दाबण्याच्या अर्थाशी तो इतका जुळला की पुढं दोन्ही एकच वाटू लागले. एक्सप्रेस हा मात्र दाबण्याच्या अर्थाच्या कुळातलाच. रोज सकाळी नाशिक रोडहून मुंबईला कामासाठी जाणारे 'पंचवटी एक्सप्रेस' म्हणतात, तेव्हा त्यांच्याही तोंडी हाच लॅटिन धातू असतो.

१४५० च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झ गावी गुटेनबर्गनं सुटे खिळे जुळवून छपाई सुरू केली. कागद शाईच्या खिळ्यांवर सारखा दाबायचा कसा, याचं उत्तर त्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात तयारच होतं. मळसूत्र फिरवून द्राक्षं दाबायचं यंत्र कागदासाठी वापरलं गेलं, असं मुद्रणाचे इतिहासकार सर्वसाधारणपणे मानतात. यंत्राबरोबर त्याचं नावही आलं.

नाशिकमध्ये हा क्रम नेमका उलटा झाला. इथं छपाईची प्रेस आधी आली, वर्तमानपत्राची प्रेस आली, नोटांची आली, आणि यंत्र म्हणून शब्दाचा जुना अर्थ, द्राक्षांचा, सर्वांत शेवटी आला. वाईनचा इथला मोठा व्याप गेल्या पंचवीसेक वर्षांतला. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं आधी दाबतात आणि मग रस आंबवतात. लाल वाईनसाठी सालीबियांसकट आंबवून मग दाबतात. नव्या यंत्रात मळसूत्र नसतं. आडव्या टाकीच्या आतला पडदा हवेनं हळूहळू फुगतो आणि द्राक्षं टाकीच्या भिंतीशी दाबली जातात. घाई केली तर बियांचा कडूतुरटपणा रसात उतरतो. हे काम हाताखालून गेलेल्या माणसाला 'प्रेस' या शब्दात बळापेक्षा सबुरीच अधिक ऐकू येत असणार.

भारतात छपाई आली ती गोव्यात, १५५६ साली, जेझुइट पाद्र्यांबरोबर. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली तिथंच छापलं गेलं, मराठी भाषेत पण रोमन लिपीत. मराठी समाजाच्या अंगवळणी छपाई पडली ती एकोणिसाव्या शतकात, मुंबईत. गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं, १८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' हे वृत्तपत्र निघालं, १८६९ साली जावजी दादाजींचा 'निर्णयसागर' छापखाना उभा राहिला. या काळात मराठी माणसाचा शब्द होता 'छापखाना'. पाट्यांवर मात्र 'प्रेस' लागलं. बोलताना छापखाना, पाटीवर प्रेस आणि सरकारी कागदात मुद्रणालय अशी तिपेडी व्यवस्था झाली आणि ती दीडशे वर्षं टिकली.

छापखान्यातली माणसं स्वतः कुठला शब्द वापरत होती, हे पाहण्यासारखं आहे. खिळे जुळवणारा जुळारी उजव्या हातानं केसमधून खिळा उचलायचा आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये उलटा लावायचा. अक्षरं उलटी वाचायची सवय त्याला इतकी होई की सरळ मजकुरातल्या चुका त्याला आधी दिसत. त्याच्यासाठी यंत्र म्हणजे 'ट्रेडल', पायानं मारायचं. मोठं असेल तर 'सिलिंडर'. 'प्रेस' म्हणजे मालकाची जागा, जिथं पगार होतो ती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं असली कामं करणारे नाशिकच्या गावठाणातले छापखाने ऑफसेटनं आणि मग संगणकानं बदलले. जुळारी गेले, पाटीवरचं 'प्रेस' राहिलं.

यंत्राचा अर्थ वर्तमानपत्राकडे सरकला तो कायद्याच्या हातून. १८६७ चा 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स' कायदा आला तेव्हा त्यातला 'प्रेस' म्हणजे लोखंडाचं यंत्र होतं. ते कुणाच्या ताब्यात आहे, कुठं ठेवलंय, हे मॅजिस्ट्रेटसमोर लिहून द्यावं लागे. १८७८ चा देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा कायदा आला तेव्हा 'प्रेस' म्हणजे मत मांडणारी वृत्तपत्रं झाली होती. दोन्ही अर्थ एकमेकांना चिकटले, कारण सरकारला एकाचा गळा धरायचा तर दुसऱ्याला कुलूप लावणं सोपं होतं. संपादकाला पकडायला खटला चालवावा लागतो, यंत्र जप्त करायला हुकूम पुरतो.

या इतिहासात नाशिकचं नाव ठळकपणे येतं. गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकरांना १९०९ च्या जूनमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती छापून प्रसिद्ध केलेल्या कवितांसाठी. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढच्या जानेवारीत कलकत्त्यात एका पोलीस अधिकाऱ्याची हत्या झाली, आणि फेब्रुवारी १९१० मध्ये नवा प्रेस कायदा झाला. नवा छापखाना काढणाऱ्याला पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत तारण भरायला लावायचा अधिकार या कायद्यानं मॅजिस्ट्रेटला दिला. सरकारला आक्षेपार्ह वाटेल असं काही छापलं तर तारण जप्त. ट्रेडलवर हँडबिलं काढून पोट भरणाऱ्या माणसाला त्या काळी हे पैसे कुठून आणायचे? कित्येक संपादकांची नावं इतिहासात आहेत. तारण भरता येत नाही म्हणून आलेलं काम परत पाठवणाऱ्या छापखानेवाल्यांची नावं कुठं नाहीत. कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, पण 'प्रेस' म्हटल्यावर सरकार आणि वृत्तपत्र समोरासमोर उभे आहेत हे चित्र मराठी मनात पक्कं झालं ते याच काळात. तारण म्हणजे इंग्रजीत सिक्युरिटी. हा कायदा झाल्यावर पंधरा वर्षांनी नाशिकजवळ सरकारनंच जी प्रेस उभारली, तिच्याही नावात तोच शब्द होता, दुसऱ्या अर्थानं.

ती नाशिक रोडची प्रेस. १९२५ पर्यंत भारताची टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून येत. हे काम भारतात करायचं ठरलं तेव्हा मुंबईच्या टांकसाळीचे प्रमुख कर्नल विलिस यांनी पाहणी केली. मुंबईहून थेट रेल्वे, देशभर माल पाठवायची सोय आणि मानवणारी हवा, यांमुळे नाशिक रोड निवडलं गेलं. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस. १९३२ पर्यंत देशातल्या सगळ्या किमतीच्या नोटा इथं छापल्या जाऊ लागल्या. तिकिटं जमवणाऱ्यांना हा बदल कागदाच्या जलचिन्हात दिसतो. लंडनच्या तिकिटाच्या कागदात प्रत्येकी एकच तारा, नाशिकच्या कागदात लहान लहान अनेक तारे. जगभरच्या तिकीट-सूचींमध्ये 'नाशिक' हे छपाईचं नाव म्हणून नोंदलं गेलं ते तेव्हापासून.

फाळणीनंतरच्या पहिल्या महिन्यांत पाकिस्तानची तिकिटं आणि नोटाही इथल्याच. भारताच्याच छापाच्या तिकिटांवर १९४७ च्या ऑक्टोबरपासून 'पाकिस्तान' असं छापलं गेलं, आणि पुढच्या वर्षी नोटांवर इंग्रजी-उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव आलं. एका गेटातून दोन देशांचा पैसा बाहेर पडत होता. २१ नोव्हेंबर १९४७ ला स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट निघालं, तिरंग्याचं, 'जय हिंद' लिहिलेलं, तेही नाशिकचंच. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा सगळ्या देशानं वृत्तवाहिन्यांवर 'नाशिकची प्रेस' हे शब्द ऐकले. नाशिक रोडच्या घराघरांत त्या शब्दांचा अर्थ होता सुट्ट्या रद्द, ओव्हरटाइम आणि झोप न झालेले डोळे. त्याआधी, तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात, प्रेसमधून लिलावात निघालेली जुनी यंत्रं त्याच्या हाती लागल्याचं बाहेर आलं, तेव्हा हाच शब्द खाली मान घालून उच्चारावा लागला होता. ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, त्या कामगारांनाही.

नाशिक रोडला या शब्दाचं जे झालं ते मला या सगळ्या आढाव्यात सर्वांत मोलाचं वाटतं. इथं प्रेस म्हणजे यंत्र नाही आणि वृत्तपत्र तर नाहीच. प्रेस म्हणजे पाळी, गेटवरची झडती, सोसायटी, जिमखाना, नेहरूनगरची क्वार्टर्स, मजदूर संघाची निवडणूक. ही निवडणूक आली की चौकाचौकांत पॅनेलचे फलक लागतात आणि महापालिकेच्या निवडणुकीइतकीच चर्चा होते. 'प्रेसमध्ये लागला' म्हणजे घर मार्गी लागलं. 'प्रेसमधून सुटला' म्हणजे पाळी संपली. 'प्रेसचा पगार झाला' की बिटको चौकातल्या दुकानदाराला कळतं. दिवसभर हातांखालून नोटांचे ताव जातात आणि त्यातला एक कागद कमी भरला तर मोजणी पूर्ण होईपर्यंत कुणी घरी जात नाही. फाटका, बिघडलेला तावही हिशेबात राहतो, नोंद होऊनच नष्ट होतो. अशा कामातून माणसाला जी शिस्त आणि जो ताठपणा येतो, तो या वस्तीच्या 'प्रेस' या उच्चारात आहे. इंग्रजीत हा शब्द जसजसा वर चढला, यंत्राकडून प्रकाशनसंस्थेकडे, तिथून वृत्तपत्रांकडे, तिथून सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या वर्गाकडे, तसतसा त्यातला हातानं काम करणारा माणूस गळत गेला. नाशिक रोडनं तो गळू दिला नाही. स्थानिक बोली म्हणून हा अर्थ बाजूला टाकणं मला अन्यायाचं वाटतं. मराठी कोशात 'प्रेस'च्या नोंदीत हा अर्थ क्रमांक देऊन छापला पाहिजे.

नाशकात सरकारी प्रेस आणखी एक आहे, गांधीनगरला, भारत सरकारचं मुद्रणालय. तिथं सरकारी फॉर्म, नोंदवह्या असली साधी छपाई होते. ती ओळखायला 'गांधीनगर प्रेस' म्हणावं लागतं. नुसतं प्रेस म्हटलं की नाशिक रोडच. गांधीनगरच्या वसाहतीत परप्रांतांतून आलेल्या कामगारांनी रामलीला आणि दुर्गापूजा आणली आणि आता ती साऱ्या शहराची झाली. २०१७ मध्ये केंद्रानं आपली सतरा मुद्रणालयं पाचांत विलीन करायचं ठरवलं, त्या पाचांत नाशिकचं राहिलं.

अंबड आणि सातपूरची प्रेस मात्र बोटं खाते. इथं प्रेस म्हणजे पॉवर प्रेस. खाली डाय, वर पंच, मध्ये पत्रा. स्ट्रोक बसला की ब्रॅकेट तयार. किती टनाची प्रेस यावर कारागिराची पत ठरते. मोटारीच्या कारखान्यांना भाग पुरवणाऱ्या लहान शेडमध्ये दिवसभर हाच आवाज. कामगार डाव्या हातानं पत्रा सरकवतो, पायानं पेडल दाबतो, उजव्या हातानं तयार भाग काढतो. एका लयीत चाललेल्या कामात एकदा पाय आधी पडला की संपलं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पंच खाली येणार नाही अशी सोय असते, पुढं जाळी किंवा प्रकाशाचा पडदा बसवता येतो, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यानंच धोक्याच्या भागांना संरक्षक आवरण सक्तीचं केलं होतं. पण दोन बटणांमुळे वेग कमी होतो म्हणून एक बटण बांधून ठेवायची किंवा पेडलवर काम करून घ्यायची पद्धत लहान शेडमध्ये जात नाही. 'प्रेसवर बोट गेलं' हे वाक्य या भागात इतक्या सहज बोललं जातं की ऐकणारा दचकत नाही. दाबणं हा शब्दाचा मूळ अर्थ सर्वांत उघडा पडतो तो इथं, आणि त्याची बातमी दुसऱ्या प्रेसमध्ये क्वचितच मोठी येते.

कपड्यांचा अर्थ पटकन सांगून होतो. इस्त्री हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला असं मानतात, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सुखानं वापरला. आता 'ड्रेस प्रेसला टाकलाय' असं तरुण पिढी म्हणते, बहुधा हिंदीच्या संगतीनं. इस्त्री करणाऱ्यांच्या टपऱ्यांवरही 'स्टीम प्रेस' लिहिलेलं दिसतं. फोनवरच्या यंत्राला मात्र मराठीत अजून 'एक दाबा' म्हणावंसं वाटतं, ते बरं आहे.

उरला गाड्यांच्या काचेवरचा 'प्रेस'. इथं शब्द ओळखपत्र झाला आहे, पोलिसानं थांबवू नये यासाठी. त्यावर तक्रारी होतात आणि त्या रास्त आहेत, कारण घटनेनं हा विशेषाधिकार कधी दिलाच नव्हता. कलम १९ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, प्रेसचा उल्लेख नाही. तो का नाही हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट केलं होतं: वृत्तपत्र चालवणारे संपादक आणि व्यवस्थापक हे नागरिकच आहेत, नागरिकाला जे हक्क आहेत तेच त्यांना आहेत, वेगळे नाहीत. पुढं न्यायालयांनी वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य त्याच कलमात अंतर्भूत मानलं. त्यातल्या महत्त्वाच्या खटल्यांपैकी एक आपल्या 'सकाळ'चा. वृत्तपत्राची पानं आणि किंमत सरकारनं ठरवायची, हा कायदा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या खटल्यात रद्द ठरवला. पानं किती छापायची, हा यंत्राचा आणि कागदाचा प्रश्न होता. न्यायालयानं तो बोलण्याचा हक्क म्हणून वाचला. यंत्र आणि मत यांची गाठ तेव्हाही सुटलेली नव्हती.

ती आता सुटते आहे. १८६७ चा कायदा जाऊन 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरिऑडिकल्स' हा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पुस्तकं त्यातून वगळली गेली. मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून छापखान्याचं प्रतिज्ञापत्र करायची पद्धत जाऊन ऑनलाइन माहिती देणं आलं. वृत्तपत्रांचे निबंधक आता 'प्रेस रजिस्ट्रार जनरल' झाले, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी ज्या शब्दाचा अर्थ यंत्र होता तो कायद्याच्या भाषेतही नियतकालिकाचा झाला. नाशिकसारख्या शहरात आज बातमी मोबाइलवर काढली जाते आणि मोबाइलवर वाचली जाते. ती देणारे स्वतःला प्रेस म्हणवतात आणि त्यांच्यापैकी अनेकांनी छपाईचं यंत्र जवळून पाहिलेलंही नसतं.

नाशिक रोडच्या प्रेसवरही हीच वेळ आली आहे. २००६ मध्ये नोटा, नाणी आणि मुद्रांकांची सरकारी कामं एका महामंडळाकडे गेली, केंद्र सरकारचे कामगार महामंडळाचे झाले आणि पेन्शनपासून भरतीपर्यंत सगळ्याची काळजी घराघरांत शिरली. मुद्रांक कागदाची जागा संगणकावरची नोंद घेते आहे, टपाल तिकिटं कमी लागतात, भाजीवाल्यालाही पैसे मोबाइलवरून जातात. कामाचा नवा भाग आहे तो ई-पासपोर्टचा. त्याच्या कव्हरमध्ये चिप आणि बारीक अँटेना बसवतात, पानावर छापलेली ओळख त्या चिपमध्येही असते. हे काम करणारी माणसंही घरी सांगताना प्रेसलाच चाललोय म्हणतात.